भिंतीतला खिळा

डच चित्रकार योहानेस व्हर्मीरच्या ‘द मिल्कमेड’मध्ये घडत काहीच नाही. एक अंगापिंडाने भरलेली मोलकरीण भांड्यात दूध ओततेय, बस्स. १६६०च्या आसपासचं हे चित्र ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे आणि जेमतेम ४५ बाय ४१ सेंटिमीटरचं आहे. एवढ्याशा जागेत अर्थ शोधायला मात्र अभ्यासकांची झुंबड.

उजवीकडे खाली पाय शेकायची लाकडी पेटी दिसते. तिच्यामागे भिंतीच्या तळाशी टाइल्स, त्यातल्या एकीवर धनुष्य घेतलेला क्यूपिड, म्हणजे प्रेमाचा देव. झालं! बाईच्या मनात कुणीतरी आहे म्हणे. असेलही. पण तिला त्या क्यूपिडचं सोयरसुतक नाही, तिचं सगळं लक्ष धारेवर.

मला तिचे हातच जास्त बोलके वाटतात. बाह्या वर सरकवल्यात, त्यामुळे रापलेली कातडी कुठे संपते आणि एरवी झाकलेली गोरी कातडी कुठे सुरू होते, ते नेमकं कळतं. कामाची अशी खूण मनातून रंगवता येत नाही, बघावीच लागते. आणि तो निळा कपडा! हा रंग लाजवर्दी दगड कुटून करायचे; दगड यायचा थेट अफगाणिस्तानातून, त्यामुळे किंमत अफाट. आधीचे चित्रकार असा निळा बहुधा येशूची आई मेरी हिच्या वस्त्रासाठी राखून ठेवायचे. याने तो मोलकरणीच्या एप्रनवर उधळला. प्रतीकच हवं असेल तर हे घ्या की.

२०२२मध्ये संग्रहालयाच्या संशोधकांनी चित्राच्या रंगाखाली डोकावून पाहिलं. तिच्या डोक्यामागे आधी मुठीची भांडी टांगायची फळी होती आणि खाली कोपऱ्यात विस्तवाची वेताची टोपली. व्हर्मीरने दोन्ही रंगाखाली गाडून टाकल्या. भिंत मोकळी झाली. म्हणजे ही शांतता त्याला आयती मिळाली नव्हती, सामान हलवून त्याने ती केली. (आवरायला बसलं की आधी काय काढायचं, हे ज्याला कळतं तो खरा.)

पण फळी पुसणाऱ्या या माणसाने भिंतीतला खिळा मात्र ठेवला. त्याची सावलीही रंगवली. शेजारी खिळे उपटल्याची भोकं, खिडकीची एक काच फुटकी. इतकी निगुतीने काढलेली पडझड पाहिली की क्यूपिड मला उगाच चिकटवल्यासारखा वाटतो.

१६९६च्या लिलावात हे चित्र १७५ गिल्डरला गेलं. त्या दिवशी व्हर्मीरच्या चित्रांत याहून जास्त बोली लागली ती फक्त डेल्फ्ट शहराच्या देखाव्याला, २०० गिल्डरची. घेणाऱ्याला खिळ्याचा अर्थ कुणी समजावून सांगितला असेल, असं काही मला वाटत नाही.