तेरा मिनिटांच्या पाटल्या

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. विचारणारे तुम्ही एकटे नाही. प्रभादेवीच्या मिनी थिएटरमध्ये पहिला खेळ झाला तेव्हापासून दर खेळानंतर कुणीतरी माइक हातात घेऊन हेच विचारतं. सरांच्या सिनेमांत बायका एवढं बोलतात, मग सरांवरच्या तुमच्या डॉक्युमेंटरीत त्यांच्या बायकोच्या तोंडी एकही वाक्य कसं नाही?

तुमचं म्हणणं बरोबर आहे. 52 मिनिटांत काकू दोनदा दिसतात. एकदा चहाचा ट्रे ठेवताना, एकदा दार लावून घेताना.

आजवर मी उत्तरं दिली ती अशी: लय बिघडत होती, एडिटमध्ये बसत नव्हतं, त्यांना कॅमेऱ्यासमोर यायचंच नव्हतं. पहिली दोन खोटी. तिसरं अर्धं खरं, म्हणजे जास्तच वाईट.

सर कोण, तीन सिनेमांवरच का थांबले, निर्मात्याच्या तोंडावर त्यांनी चेक कसा फाडला, हे तुम्हाला माझ्याहून जास्त पाठ आहे. (चेक फाडला नव्हता. वटला नव्हता.) तेव्हा सरळ मालाडच्या त्या दुपारीच येते.

रुळांच्या कडेची, तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. साउंडवाला दर विरार फास्टला हात वर करायचा, गाडी गेली की खाली घ्यायचा. मग आम्ही बोलायचो. सर आतल्या खोलीत झोपले होते. माळ्यावरून फिल्मचे डबे खाली काढले होते आणि खोलीभर आंबट वास सुटला होता. जुन्या फिल्मचा अॅसिटेटचा पाया कुजायला लागला की व्हिनेगरसारखा वास येतो, आणि मुंबईच्या दमट हवेत तो कुजायला वेळ लागत नाही. काकू म्हणाल्या, “तुम्हाला आज आला होय वास? मी चाळीस पावसाळे ह्याच्याखाली झोपलेय.” एका डब्यात फिल्म नव्हतीच, साबुदाण्याच्या पापड्या होत्या. आम्ही दोघी हसलो. त्या बोलायला लागल्या, आणि मध्येच थांबून म्हणाल्या, “आधी तो कॅमेरा बंद कर.”

कॅमेरा बंद झाला. पदराला लावलेला माइक तसाच राहिला. साउंडवाला स्वयंपाकघराच्या दारात हेडफोन लावून बसला होता, रेकॉर्डरचा लाल दिवा मला दिसत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही.

“नदीच्या शॉटला फिल्म कमी पडली,” काकू म्हणाल्या. “माझ्या पाटल्या होत्या, आईकडच्या. ह्यांनी मागितल्या नाहीत हं. मागितल्या असत्या तर बरं झालं असतं, ‘नाही’ तरी म्हणता आलं असतं. नुसत्या येरझारा घालत होते. शेवटी मीच काढून दिल्या. तीन डबे आले त्यात, चारशे फुटी. एक डबा म्हणजे साडेचार मिनिटं, थोडी कमीच. तिन्ही मिळून तेरा मिनिटं.” त्या बोटांवर मोजत होत्या. “त्यातली सिनेमात ठेवली किती, तर चाळीस सेकंद. बाकीच्यात ढग नीट आले नाहीत म्हणे.”

एक गाडी गेली. मग म्हणाल्या, “चांगलीच आहेत गं ती चाळीस सेकंदं. तीच तर पंचाईत आहे.”

अशी 11 मिनिटं त्या बोलल्या. उठताना म्हणाल्या, “हे घालू नकोस. लोक ह्यांना नावं ठेवतील.”

मी घातलं. पहिल्या कटमध्ये तोच नदीचा शॉट आणि त्यावर काकूंचा आवाज. त्याहून चांगलं काही मी आजवर एडिट केलेलं नाही, हेही आता सांगून टाकते. सरांनी लॅपटॉपवर पाहिलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “हे ठेव. बाकीचं काढलंस तरी चालेल.” काकूंना विचारायची माझी हिंमत झाली नाही, सरांनीच सांगितलं असावं. रात्री फोन आला. “तुला मी काय सांगितलं होतं?” एवढंच बोलून ठेवून दिला.

मी काढलं. इथे थांबले तर मी बरी दिसते. बाईंनी नको म्हटलं, सरांचं न ऐकता मी त्यांचा शब्द पाळला.

पण काढल्यावर मला हायसं वाटलं होतं. पहिला कट पाहिलेले सगळे फक्त पाटल्यांबद्दल बोलत होते. मला न वाकणारा माणूस दाखवायचा होता, आणि त्या 40 सेकंदांनंतर तो येरझारा घालणाराच दिसायचा. सरांच्या पिढीत सगळ्यांचीच ओढाताण होती, हे खरंच आहे. 1969च्या सुमारास ‘भुवन शोम’ आणि ‘उसकी रोटी’ हे सिनेमे सरकारी फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या पैशांवर झाले, दार उघडल्यासारखं वाटलं. पण सरांच्या वाट्याला पहिल्या सिनेमापुरतंच कर्ज आलं. हा बचाव मी काकूंसमोर केला असता का? नसता.

आपल्याकडे ही गोष्ट फाळक्यांपासून तोंडपाठ आहे. विम्याची पॉलिसी गहाण, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने, 1912ची लंडनवारी, विल्यमसन कॅमेरा, आणि 3 मे 1913ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’. दागिन्यांपाशी आपण जरा हळहळतो आणि लंडनला निघतो. त्याच सरस्वतीबाई दादरला अख्ख्या युनिटचं रांधून झाल्यावर कच्च्या फिल्मला अंधारात भोकं पाडत होत्या, कारण ती फिल्म भोकांशिवाय यायची. अंतर चुकलं असतं तर पडद्यावर हरिश्चंद्र थरथरला असता. ह्याला त्याग म्हणत नाहीत, कारागिरी म्हणतात.

काकूंना फूट आणि मिनिटांचं गणित तोंडी येत होतं. कुठे शिकल्या, मी विचारलं नाही. टेलिफोन खात्यात त्यांनी रात्रपाळ्या केल्या, घर त्यावर चाललं. त्याबद्दलही एक प्रश्न विचारला नाही. पाटल्या काढल्यावर त्यांच्यासाठी माझ्याकडे चहाचा ट्रे तेवढा उरला. कॅमेरा चालू असताना सांगण्यासारखं त्यांच्याकडे दुसरं काही असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तेव्हाची मी म्हणते, नको म्हणाल्या, विषय संपला. मी तिला विचारते, मग ती फाइल का पुसली नाहीस? ती म्हणते, आणि तू आत्ता काय करते आहेस? सर गेले, दोन वर्षांनी काकू गेल्या, आणि आज मी सगळं लिहूनच टाकलंय. शब्द पाळला म्हणायची सोय राहिली नाही. त्यांच्या मुलीला विचारून लिहिलं. ती म्हणाली, “आईला आवडणार नाही.” गेलेल्या आईबद्दल ती अजून असंच बोलते. मग म्हणाली, “पण मला ऐकव.”

मालाडच्याच घरात, लॅपटॉपवर ऐकवलं. पाटल्यांपाशी ती खिडकीबाहेर बघत होती. शेवटी कुकरची शिट्टी आहे, आणि काकूंचा आवाज: “किती झाल्या गं? दोन ना? लक्ष ठेव, तिसरीला बंद कर.” मग माइक काढल्याची खरखर. मुलीने तेवढाच भाग पुन्हा लावायला सांगितला.