‘रूफ’चा तिरका फ्लोट : माझा अनुभव

टोकियोच्या नाकानो ब्रॉडवेला गेलो की नव्या मालाच्या दुकानांकडे मी फारसा वळत नाही. तिथे काचेचे छोटे कप्पे भाड्याने मिळतात, त्यात हौशी लोक आपला जुना संग्रह विकायला मांडतात. अशाच एका कप्प्यात 1/72 मापाचं डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूचं, ए6एम2-एन दिसलं. दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी झीरो विमानाला चाकांऐवजी फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारे पोकळ भाग, लावून नाकाजिमा कंपनीने केलेलं लढाऊ विमान. मित्रराष्ट्रांनी त्याला ‘रूफ’ हे सांकेतिक नाव दिलं होतं. किंमत संशय यावा इतकी कमी. कारण चिठ्ठीवरच लिहिलेलं : फ्लोट तिरका.

दुकानातल्या माणसाला कप्पा उघडायला लावला आणि पहिल्यांदा मॉडेल उलटं केलं. फ्लोटविमान पोटाकडूनच पारखावं. खऱ्या रूफमध्ये चाकांच्या खोबणी बुजवलेल्या होत्या, शेपटीचं चाक आणि जहाजावर उतरताना लागणारा आकडा काढला होता, आणि फ्लोटमुळे बिघडणारा तोल सावरायला शेपटीखाली जादा फिन (उभा पंखा) दिली होती. इथे सगळं जागेवर होतं. साच्यात कंजुषी केलेली नव्हती, म्हणून घेतलं.

आता तिरकेपणा. अशा मॉडेलमध्ये धड आणि पंख जस्ताच्या मिश्रधातूचे, जड. फ्लोट आणि त्याचे खांब प्लास्टिकचे. स्टँड न लावता वर्षानुवर्षं फ्लोटवरच उभं ठेवलं की पुढचा कललेला मुख्य खांब हळूहळू वाकतो आणि मागचा व्ही आकाराचा आधार सांध्यातून सुटतो. फ्लोट अलगद मोकळा केला, खांब गरम पाण्यात धरला, नरम पडल्यावर बोटांनी सरळ केला आणि लगेच गार पाण्यात घातला. घाई केली की प्लास्टिक पांढरं पडतं, म्हणून थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. मग हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने आरपार भोक पाडून आत पितळी तार बसवली. सुपरग्लू मुद्दाम टाळला. त्याच्या वाफेने रंगावर पांढुरका थर धरतो. दोन भाग मिसळून लावायचं इपॉक्सी हे चिकटद्रव्य लावलं आणि रात्रभर हात लावला नाही. खरी कसोटी पंखांखालच्या दोन छोट्या फ्लोटची. समोरून पाहताना दोन्ही एका उंचीवर हवेत, नाहीतर विमान दारू प्यायल्यासारखं दिसतं.

इतकी खटपट कशाला, असं बायकोने विचारलंच. धावपट्टी नसलेल्या बेटांवर लढाऊ विमान हवं आणि कावानिशी कंपनीचं क्योफू हे फ्लोटचं लढाऊ विमान तयार व्हायला वेळ लागणार, म्हणून मधली सोय म्हणून हे जन्मलं. एकूण 327 बनली. फ्लोटच्या ओझ्याने वेग मूळ झीरोपेक्षा ताशी सुमारे 100 किलोमीटरने घटला. सॉलोमन बेटांतल्या तुलागीजवळची रूफ तर 7 ऑगस्ट 1942 ला अमेरिकी नौदलाच्या विमानांनी पाण्यावरच संपवली. अलास्काच्या अल्युशियन बेटांमधल्या किस्काला वादळांनी शत्रूइतकाच त्रास दिला. तडजोडीतून निघालेली यंत्रं मला नेहमीच जास्त आवडतात. बायकोला अर्थात हे पटलं नाही.

आता शेजारी क्योफू हवंय. तीही जेमतेम 97 च बनली, आणि त्याच आराखड्यावरून पुढे जमिनीवरून उडणारं शिदेन आलं. डायकास्टमध्ये मला ते अजून दिसलेलं नाही. तामियाचा 1/48 चा प्लास्टिक किट आहे, पण मापं जुळत नाहीत, आणि रंगकामाला हात घातला तर स्वयंपाकघराचं टेबल कायमचं जाईल.