तुम्ही विचारलंत म्हणून: पुडीतली चिठ्ठी

प्रदर्शनात दुपारी गर्दी ओसरली की शेजारच्या टेबलावरची बाई हमखास विचारते, "ताई, तुम्ही जाहिरात कुठे करता?"

मी ठाण्याला नौपाड्यात घरूनच मसाले विकते. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, मिरची पूड. दुकान नाही, दारावर पाटी नाही. तरी गिऱ्हाईक येतं, ते बहुतेक चिठ्ठीमुळे. प्रत्येक पुडीत मी एक चिठ्ठी घालते. झेरॉक्सच्या एका कागदात चार बसतात, त्यामुळे एक पन्नास पैशांना पडते. तिच्यावर भाव नसतो, ‘शुद्ध आणि सात्त्विक’ही नसतं. गिऱ्हाइकाने विचारलेला एक प्रश्न आणि त्याचं उत्तर, एवढंच.

पहिली चिठ्ठी दगडफुलाची. एका नव्या नवरीने विचारलं होतं, "काकू, हे फूल कुठल्या झाडाचं?" इतकी वर्षं मी ते मसाल्यात घालत होते आणि मला सांगता येईना. शोधलं तेव्हा कळलं, ते फूलच नव्हे. बुरशी आणि शैवाल एकमेकांच्या आधाराने जगतात, त्यातून ते तयार होतं आणि झाडाच्या सालीवर, खडकावर वाढतं. त्याचा खरा वास तेलावर परतल्यावरच सुटतो. हे सगळं लिहिलं. तिने चिठ्ठीचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि त्या आठवड्यात मला सात अनोळखी फोन आले. मसाल्याच्या फोटोवर कधी एकही आला नव्हता.

मग सवयच लागली. वाशीच्या मसाला मार्केटला मिरची आणायला जाते तेव्हा व्यापाऱ्यांनाही विचारत बसते. ब्याडगी सुरकुतलेली, गडद लाल, पण तिखट कमी. म्हणजे लालभडक भाजी झणझणीत असेलच असं नाही. तिखटपणा हवा तर सोबत लवंगी लागते. ही चिठ्ठी लोकांनी फ्रिजवर चिकटवलेली मी पाहिली आहे. हिंगाच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा आणि डिंक असतो, डबीवरचे घटक वाचा. त्यावर एका आईचा फोन आला. तिच्या मुलाला गहू चालत नाही आणि हिंगाचा तिला संशयच आला नव्हता. त्या फोनने मला फार बरं वाटलं.

पण सगळ्यात महत्त्वाची चिठ्ठी मला महागात पडली. मे महिन्यात लोक वर्षाचा गोडा मसाला मागतात, आणि मीही दोन-दोन किलो बांधून देत असे. एका वर्षी ऑगस्टमध्ये घोडबंदर रोडवरच्या एक बाई डबा घेऊन आल्या. झाकण उघडताच खवट वास आला. पैसे परत केले आणि रात्री बसून लिहिलं: ‘गोडा मसाला वर्षाचा घेऊ नका. त्यात सुकं खोबरं आणि तीळ आहेत. त्यांच्या तेलाला हवा लागत राहिली की ते खवट होतं. तीन महिन्यांपुरता घ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात, उजेडापासून लांब ठेवा.’ यजमान म्हणाले, "अगं, तूच आपलं गिऱ्हाईक कमी करतेयस." पुढच्या मे महिन्यात विक्री जवळजवळ निम्म्यावर आली. मात्र त्याच बायका श्रावणात आल्या, दिवाळीत आल्या, आणि येताना जावा-नणंदांना घेऊन आल्या.

सणाच्या शुभेच्छा, ‘दोनवर एक फुकट’ असले मेसेजही करून पाहिले. कुणी उलटून विचारलं नाही. आणि मेथीने साखर उतरते, हळदीने अमुक बरं होतं, असलं मी कधी लिहीत नाही, गिऱ्हाइकांनी आग्रह केला तरी. आजाराचं डॉक्टरांना विचारावं.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर फोनशेजारी एक वही ठेवा. कुणी काही विचारलं की त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या. तुम्ही साड्यांना फॉल-बिडिंग करत असा नाहीतर केक, लोक तेच ते चार प्रश्न विचारतात आणि आपण तेच उत्तर तोंडी देत राहतो. ते एकदा नीट लिहा. माहीत नसेल तर शोधा, पण अंदाजाने लिहू नका.

माझ्या वहीत सध्या पाचपाखाडीच्या एका आजोबांचा प्रश्न पडून आहे: "मेतकुटात डाळींबरोबर गहू कशाला?" तीन सुगरणींना विचारलं, तीन उत्तरं मिळाली. म्हणून या महिन्याची चिठ्ठी अजून कोरी आहे.