कमी उजेडात फुलणारी झाडं निवडताना: माझा अनुभव

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतलं घर, भिंतीला भिंत लागलेली. मधल्या खोलीला पूर्वेची एकच खिडकी आणि आठ फुटांवर समोरच्या घराची भिंत. इथं फुलझाड हवं होतं, म्हणून नर्सरीत जायच्या आधी उजेड मोजला.

मोबाइलवर लक्स (उजेडाचं माप) मोजणारं फुकटचं अ‍ॅप मिळतं. आकडा काटेकोर नसतो, पण दोन जागांची तुलना करायला पुरतो. कुंडी जिथं बसणार तिथंच, पानांच्या उंचीवर, मोबाइल उताणा ठेवायचा. सकाळी नऊ, दुपारी एक आणि चारला बघायचं. फेब्रुवारीतल्या निरभ्र दिवशी दुपारी कठड्यावर साधारण १८०० लक्स मिळाले, तीन फूट आत जेमतेम २५०. डोळ्यांना मात्र दोन्ही जागा सारख्याच उजळ वाटत होत्या. जुलैत आभाळ बसलं की हेच आकडे निम्म्यावर येतात, त्यामुळे झाड निवडायचं ते जुलैच्या हिशोबानं.

नर्सरीत ‘इनडोअर’ म्हणून दाखवतात त्यातलं कलांचो, जरबेरा आणि शेवंती मी सरळ सोडून दिली. आणलेली फुलं काही आठवडे टिकतात, घरात पुन्हा कळी धरत नाहीत. मोगरा-जास्वंदाचं तर नावच नको. उरली तीन: पीस लिली, अँथुरियम आणि आफ्रिकन व्हायोलेट.

पीस लिलीबद्दल एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. तासगावचे द्राक्षवाले घड लांबवायला जे जीए मारतात, तेच जिबरेलिक अ‍ॅसिड (झाडाच्या वाढीचं संप्रेरक) मारून मोठ्या नर्सऱ्यांत ही झाडं एकदम फुलवून बाजारात आणतात. त्यामुळे विकत घेताना दिसणारी पाच-सहा फुलं ही तुमच्या खोलीत ते फुलेल याची खूण नव्हे. तो बहर ओसरल्यावर सहा-आठ महिने नुसती पानं दिसली तरी झाड बिघडलेलं नसतं. मी फुलं मोजत बसलो नाही, मधे नवीन पानं गुंडाळलेली आहेत का आणि कुंडीच्या तळाच्या भोकातून मुळं पांढरी दिसतात का, एवढंच बघितलं. ही लिली २५० लक्सवर जगते, पण फुलत नाही. फुलासाठी तिला कठड्यालाच आणावं लागलं.

अँथुरियमला याहून जास्त उजेड लागतो आणि व्हायोलेटला रोज १२ तास तरी. खिडकीवर ते भागणार नव्हतं, म्हणून २० वॅटची ६५०० केल्विनची (पांढऱ्या उजेडाची) एलईडी पट्टी पानांच्या वर एक फुटावर लावली आणि प्लगमधे टायमर घातला. रोज १२ तासांचे महिन्याला सव्वासात युनिट होतात. पट्टी चार फूट वर छताला ठोकली तर बहुतेक फायदा जातो.

काळी माती कुंडीत नकोच, पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत, एक भाग परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे). अँथुरियमला यात एक भाग विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे. कोकोपीट आधी दोनदा धुवून पिळून घ्यायचं, नाहीतर त्यातल्या क्षारांनी पानांची टोकं करपतात. कुंडी जुन्यापेक्षा एकच इंच मोठी. मोठी कुंडी म्हणजे झाडाला ऐसपैस जागा, असं वाटतं खरं. कमी उजेडात झाड पाणी कमी ओढतं, आणि मुळं न पोचलेला ओला भाग आंबतो.

पाण्याला वार ठरवला की चुकलंच. बोट दोन पेरं आत घालायचं, कोरडं लागलं तरच पाणी. उन्हाळ्यात हे चार-पाच दिवसांनी येतं, पावसाळ्यात दहा-बारा दिवसांनी. व्हायोलेटला बशीतून पाणी द्यायचं, २० मिनिटांनी उरलेलं ओतून टाकायचं. लवेच्या पानांवर गार पाणी पडलं तर पांढरट डाग कायमचे राहतात.

खताच्या नादाला कमीच लागायचं. कृषी सेवा केंद्रात १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं खत) मिळतं, ते लिटरला अर्धा ग्रॅम, महिन्यातून एकदा, आणि जून ते सप्टेंबर बंद. फुलं येईनात म्हणून लोक ०:५२:३४ (नुसतं स्फुरद-पालाशचं खत) ओततात. उजेडाची उणीव त्यानं भरत नाही, उलट कुंडीच्या कडेला पांढरा थर बसतो.

पावसाळ्यात मातीवर बारीक काळ्या माश्या उठल्या, तर वरची माती वाळू द्यायची आणि पिवळं चिकट कार्ड खोचायचं. देठाच्या बेचक्यात कापसासारखं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. पाच मिली निंबोळी तेल, दोन थेंब भांड्याचा लिक्विड साबण, एक लिटर पाणी, आठवड्याच्या अंतरानं तीनदा.

मेमधे एक वेगळीच गंमत होते. सूर्य कोल्हापूरच्या डोक्यावरून उत्तरेला सरकतो आणि उत्तरेच्या खिडकीतही सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन शिरतं. लिली तिथं असेल तर ऑगस्टपर्यंत पातळ पडदा लागतोच, नाहीतर पानावर तपकिरी चट्टे पडतात. आणि घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल, तर लिली आणि अँथुरियम उंचावर ठेवा. पान चावलं तर तोंडाची आग होऊन ओठ सुजतात. व्हायोलेटला ही भीती नाही.