बनशंकरीच्या वाटेवर राहून गेलेली वातापी

बनशंकरी आमची कुलदेवता. दर दोन-तीन वर्षांनी सोलापूरहून गाडीने बदामी स्टेशनला उतरायचं, रिक्षाने थेट देवळात जायचं, ओटी भरायची, नैवेद्य दाखवायचा आणि मिळेल त्या गाडीने परत फिरायचं. देवळापासून जेमतेम पाच किलोमीटरवर चालुक्यांची राजधानी वातापी, म्हणजे आजची बदामी. तिकडे पाय कधी वळलेच नाहीत. यंदा बाबांना पंचाहत्तरावं लागलं, तेव्हा ठरवलं, आधी दोन दिवस राहून सगळं नीट बघायचं, मग देवीला जायचं.

गाडीला उशीर झाला आणि लेण्यांशी पोहोचायला चार वाजले. माकडं फार, म्हणून खाऊची पिशवी रिक्षातच ठेवली. पहिल्याच लेण्यात दाराशी अठरा हातांचा नटराज आहे. बाबा त्याच्यासमोर उभे राहून हात मोजायला लागले. दर वेळी कुठलातरी हात निसटायचा, की पुन्हा पहिल्यापासून. मी घाई केली नाही. तिसरं लेणं सगळ्यांत मोठं. मंगलेशाने कोरवलेल्या या लेण्यात शके 500 चा, म्हणजे इ. स. 578 चा लेख आहे. शेषाच्या वेटोळ्यावर आरामात बसलेला विष्णू तिथेच पाहिला. मला तोवर शेषशायीच माहीत होता. चौथं जैन लेणं मात्र त्या दिवशी राहिलं, त्यासाठी नंतर पुन्हा पायऱ्या चढलो.

दुसऱ्या दिवशी चालुक्यांची देवळं असलेली पट्टदकल आणि ऐहोळे ही गावं बघायची होती. रिक्षावाला आधी पट्टदकल म्हणत होता. आम्ही आधी ऐहोळेला घ्यायला लावली, कारण तिथलं मेगुतीचं देऊळ टेकडीवर आहे आणि ती चढण उन्हात बाबांना झेपली नसती. 'वर काही नाही, पडकं देऊळ आहे,' असं तो दोनदा म्हणाला. पण मी मुळात आले होते ती त्या देवळासाठीच.

मेगुतीच्या पूर्वेकडच्या भिंतीवर कवी रवीकीर्तीचा शिलालेख आहे, इ. स. 634 चा, एकोणीस ओळींचा. चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीने हर्षवर्धनाला हरवल्याचं त्यात आहे, कालिदास आणि भारवीची नावंही आहेत. लिपी जुनी, आम्हाला एक अक्षर लागेना. त्यातली एक ओळ मी घरून वहीत देवनागरीत उतरवून नेली होती, ती बाबांना वाचून दाखवली: 'अगमदधिपतित्वं यो महाराष्ट्रकाणां नवनवतिसहस्रग्रामभाजां त्रयाणाम्'. नव्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा पुलकेशी स्वामी झाला. बाबांनी वही स्वतःच्या हातात घेतली, 'महाराष्ट्रकाणां' पुन्हा एकदा मोठ्याने वाचलं आणि भिंतीकडे बघून म्हणाले, 'चौदाशे वर्षांपूर्वी आपलं नाव इथे लिहिलंय, आणि मी इतक्या वेळा खालून परत गेलो.' बराच वेळ आम्ही तिथून हललो नाही.

पट्टदकलला पोहोचेपर्यंत ऊन चढलं होतं. एकाच आवारात उत्तरेकडची नागर आणि दक्षिणेकडची द्राविड, दोन्ही धाटणीची शिखरं शेजारी शेजारी उभी आहेत. चालुक्यांच्याच दुसऱ्या विक्रमादित्याने कांची जिंकली, त्या विजयासाठी राणी लोकमहादेवीने विरूपाक्षाचं देऊळ बांधवलं. ते बघताना मला सारखं वेरूळचं कैलास आठवत होतं, आणि ते नातं खरंच आहे; कैलासाच्या आधी हे देऊळ उभं होतं. आजही इथे पूजा चालते, त्यामुळे आत गारवा आणि तेलाचा वास.

तिसऱ्या दिवशी बनशंकरी. दर्शन झाल्यावर देवळाबाहेर टोपली घेऊन बसलेल्या अव्वाकडे जेवलो: पापडासारखी पातळ ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगाचटणी आणि मडक्यातलं घट्ट दही. शेजारी सांगलीकडचं एक कुटुंब बसलं होतं, संध्याकाळच्या गाडीने परत निघालेलं. बाबांनी त्यांना जेवता जेवता ऐहोळेचा सगळा रस्ता समजावून दिला, आणि मेगुतीला सकाळीच चढा, पाणी बरोबर घ्या, हे दोनदा सांगितलं. माझ्याकडून वही मागून घेतली आणि ती ओळ त्यांच्या मुलीला उतरवून दिली.