डिसेंबरात कूलर

मे महिन्यात नागपुरात कोणालाही घाम फुटतो, म्हणून माझं घरात कोणाला कळलंच नाही. डिसेंबरात पहाटे तीनला झाकलेल्या कूलरची चादर ओढून तो चालू केला, तेव्हा हे रजईतून ओरडले, "काऊन गं, वेड लागलं का?" मानेपासून कानापर्यंत आग, गाऊन चिंब. पाच मिनिटांनी मीच कुडकुडत रजई शोधतेय! सासूबाई म्हणाल्या, "सुटलीस बाप्पा, आता लोणच्याला हात लावायला मोकळी." (लावत मी आधीही होतेच, त्यांना सांगितलं नव्हतं.) डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इस्ट्रोजेन, म्हणजे बाईच्या अंगातलं हार्मोन, घटलं की मेंदूतला उष्णतेचा काटा बिघडतो, सलग १२ महिने आली नाही तरच पाळी गेली समजायचं, त्यानंतर थेंबभरही रक्त दिसलं तर लगेच दाखवायचं. माझे ११ झाले होते. परवा इतवारीत साड्या बघताना पुन्हा आली.