तुम्ही विचारलंत म्हणून: लॉरीला मत दिलंस का?

डब्लिनच्या गणपतीत, पुण्याहून आलेल्या फोनवर, सगळीकडे हेच. तू आयर्लंडमधल्या टिपेरेरीत राहतेस ना, मग त्या अपक्ष खासदार मायकल लॉरीला तुम्ही लोक अजून निवडून कसं देता, आणि तू स्वतः दिलंस का मत?

दिलं. नोव्हेंबर 2024 ला, तिसऱ्या पसंतीचं.

इथे उमेदवारांपुढे पसंतीचे एक-दोन-तीन नंबर लिहायचे असतात, खालच्या पसंती पुढच्या फेऱ्यांत मोजतात आणि तो पहिल्याच फेरीत निवडून आला, म्हणजे माझा तीनचा आकडा त्याच्या काही कामाचा नव्हता. नवऱ्यालाही मी हेच सांगितलं. तो म्हणाला, मग लिहिलास कशाला?

2011 चा मार्च. मॉरिआर्टी ट्रायब्यूनल या चौकशी आयोगाचा रिपोर्ट आला, मंत्री असताना मोबाइल लायसन्सच्या प्रकरणात लॉरीने उद्योगपती डेनिस ओब्रायनला आतली माहिती दिली असा निष्कर्ष (दोघांनीही तो फेटाळला), आणि महिनाभर आधीच आमच्या भागाने त्याला सगळ्यात जास्त मतं दिलेली. मी शेजारच्या बाईंच्या किचनमध्ये होते, रेडिओ चालू होता, आणि मी बोलून गेले की आमच्याकडे भारतात असल्या लोकांना मत देताना निदान लाज तरी वाटते. खोटं होतं ते, आमच्याकडेही कुठे वाटते. बाईंनी रेडिओ बंद केला, माझा कप उचलला, अर्धा चहा होता त्यात, तो सिंकमध्ये ओतला आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, माझ्या नवऱ्याला स्ट्रोक आला तेव्हा मेडिकल कार्डसाठी, म्हणजे मोफत उपचारांच्या सरकारी कार्डासाठी, मी किती ठिकाणी पत्रं लिहिली तुला माहितीये? जो फोन उचलतो त्याला मी मत देते. नंतर कित्येक महिने दारात फक्त हॅलो.

तेव्हा मला वाटायचं ही माणसं स्वस्तात विकली जातात. मेडिकल कार्ड हक्काचं, त्यासाठी खासदाराचे उंबरे झिजवायला लावणारी पद्धतच सडकी आहे आणि तिच्याच जोरावर तो 1987 पासून निवडून येतोय. हे मला आजही पटतं. 2018 ला टॅक्सच्या केसमध्ये त्याला 15,000 युरो दंड झाला, तेही मत देताना माहीत होतं.

एक आणि दोन लिहून झालं होतं, बाहेर पडायचं होतं. पेन्सिल हातातच, आणि डोळ्यासमोर तो सिंकमधला चहा.

2025 च्या जानेवारीत त्याच्या अपक्षांच्या गटाच्या पाठिंब्यावर सरकार बसलं तेव्हा तुमचे फोन वाढले, मला रात्री झोप लागेना. पुढच्या वेळी लिहीन का, माहीत नाही. शेजारच्या बाईंना मात्र त्या तीनबद्दल मी अजून सांगितलेलं नाही.